गाडी घरच्या नावावर, मुक्काम हॉस्टेलवर: विद्यार्थ्याच्या कारचा विमा

घर कोल्हापूरला, कॉलेज पुण्यात. गाडीचा नंबर एमएच ०९, पण वर्षातले नऊ-दहा महिने ती कोथरूडच्या एखाद्या गल्लीत उभी. विम्याचे नूतनीकरण आले की प्रश्न पडतो, पत्ता कुठला द्यायचा? खरे तर हा प्रश्न तिसरा आहे. आधी बघायचे ते आरसीवर नाव कोणाचे, मग नोंदणी कुठल्या आरटीओची, आणि त्यानंतर पत्ता.

आपल्याकडे वाहन विमा गाडीला चिकटलेला असतो, चालवणाऱ्याला नाही. मालकाच्या संमतीने आणि वैध परवान्यावर गाडी चालवणाऱ्या कोणाच्याही हातून अपघात झाला, तरी पॉलिसी लागू होते. त्यामुळे ‘मुलाचे नाव ड्रायव्हर म्हणून टाका, नाहीतर क्लेम मिळणार नाही’ हा इंटरनेटवरचा सल्ला इथे गैरलागू आहे. तो बाहेरच्या देशांतल्या पद्धतीवरून आलेला आहे. इथे बघितला जातो तो परवाना: मुदतीतला आहे का, आणि चारचाकीचा आहे का. दुचाकीच्या परवान्यावर कार चालवली की कंपनीला हरकत घ्यायला आयते कारण मिळते. लर्निंग लायसन्स असेल तर शेजारी परवानाधारक आणि काचेवर ‘एल’ हवा. परवान्यावर घरचा पत्ता असला तरी बिघडत नाही, तो देशभर चालतो.

नाव कोणाचे, आणि त्याने काय बदलते

बहुतेक घरांत गाडी वडिलांच्या किंवा आईच्या नावावर असते आणि मुलगा किंवा मुलगी ती चालवते. गाडीचे स्वतःचे नुकसान (ओन डॅमेज) आणि तिसऱ्या पक्षाची, म्हणजे अपघातात सापडलेल्या इतरांची, भरपाई (थर्ड पार्टी) यासाठी ही रचना उत्तम आहे. पण चालवणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या जिवाचे काय, हे बघायचे राहून जाते.

पॉलिसीतले १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण ‘ओनर-ड्रायव्हर’साठी असते, म्हणजे आरसीवरच्या मालकासाठी, आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच. वडिलांची गाडी चालवताना मुलाला अपघात झाला तर हे १५ लाख त्याला लागू होत नाहीत. थर्ड पार्टीतून मिळतील म्हणावे, तर तीही वाट अरुंद आहे. गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो आणि स्वतःच्या चुकीने झालेल्या अपघातात तिसरा पक्ष ठरत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्मा खटल्यात घेतली आहे. म्हणून पॉलिसी घेताना चालवणाऱ्याचे नाव घालून वैयक्तिक अपघात संरक्षण वाढवून मागा. कंपनी ते देत नसेल, तर मुलाच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी घ्या. ‘अननेम्ड पॅसेंजर’ (नाव न नोंदलेले प्रवासी) कव्हर घेतले म्हणून चालवणारा त्यात आलाच असे गृहीत धरू नका. अटींची ओळ वाचा आणि कंपनीकडून ई-मेलवर उत्तर घ्या.

गाडी आईच्या नावावर असेल आणि तिच्याकडे परवानाच नसेल, तर सक्तीच्या ओनर-ड्रायव्हर कव्हरचा हप्ता घेतला जायला नको. ती रक्कम वाचवून मुलाच्या संरक्षणाला लावावी.

‘मग गाडी मुलाच्याच नावावर करून टाकू’ हा उपाय सोपा वाटतो. करायचा असेल तर पूर्ण करा. मालकीबदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी मुलाच्या नावावर झाली, पण पॉलिसी वडिलांच्याच नावावर राहिली, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम हमखास अडकतो. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप जातो, ओन डॅमेजचा भाग नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे नावबदलाचा अर्ज लागतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र माणसाचा असतो, गाडीचा नाही. वडिलांनी पाच वर्षे सांभाळून ५० टक्क्यांवर नेलेला बोनस मुलाला मिळत नाही, तो शून्यापासून सुरू करतो. त्या पॉलिसीवर दिलेली बोनसची सूट कंपनी उरलेल्या काळापुरती वसूलही करते. बोनस वारसांकडे जातो तो मालकाच्या मृत्यूनंतरच. वडील दुसरी गाडी घेणार असतील, तर बोनस राखून ठेवल्याचे पत्र कंपनीकडून घ्या. ते तीन वर्षे चालते.

शिक्षणाच्या तीन-चार वर्षांसाठी नाव बदलण्यात आम्हाला फायदा दिसत नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती हेही एक लचांड.

आता पत्ता

राज्य तेच असेल, तर काम थोडे आहे. आरसीवरचा पत्ता मालकाचा असतो. वडील कोल्हापुरातच राहतात, तेव्हा आरसीत बदल करायची गरज नाही. मालक स्वतः घर बदलून दुसरीकडे राहायला गेला, तरच ३० दिवसांत फॉर्म ३३ भरून कळवावे लागते.

ओन डॅमेजचा हप्ता ठरतो तो नोंदणीच्या ठिकाणावरून. जुन्या टॅरिफपासून (ठरवून दिलेल्या दरपत्रकापासून) देशाचे दोन झोन चालत आले आहेत: अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे हा झोन ए, बाकी सगळा देश झोन बी. कोल्हापूरच्या गाडीला झोन बीचा हप्ता लागतो आणि तो थोडा कमी असतो. गाडी पुण्यात वापरली म्हणून तो आपोआप बदलत नाही. पण प्रस्ताव-अर्जात ‘गाडी रात्री कुठे उभी असते’ किंवा ‘मुख्य वापर कुठे’ असे विचारले असेल, तर खरे तेच लिहा. झोनमधल्या किरकोळ फरकासाठी ‘माहिती लपवली’ हा ठपका ओढवून घेऊ नये. अर्जात विचारलेच नसेल, तर कस्टमर केअरच्या ई-मेलवर दोन ओळी पाठवा: पॉलिसी क्रमांक, गाडीचा नंबर, आणि ‘सदर वाहन शिक्षणासाठी मुलगा पुणे येथे वापरतो, पार्किंग अमुक ठिकाणी’. पोच जपून ठेवा.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते आणि तो पत्त्यावर अवलंबून नसतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या कारला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७, वर जीएसटी.

मोबाइल नंबरची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. पॉलिसीवर वडिलांचा नंबर असतो. सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) त्यांना फोन करतो, ओटीपी त्यांना जातो, आणि गाडी असते दीडशे मैलांवर गॅरेजात. पर्यायी संपर्क म्हणून मुलाचा नंबर नोंदवून घ्या.

राज्य बदलले तर

महाराष्ट्रातली गाडी बेंगळुरूला किंवा हैदराबादला नेली, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ४७ लागू होते. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली, तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत) फॉर्म २८ वर, नव्या राज्यात नव्या नंबरसाठी फॉर्म २७, तिथला रोड टॅक्स, आणि इकडच्या टॅक्सचा उरलेल्या काळाचा परतावा. हा सगळा खटाटोप दोन वर्षांच्या एमबीएसाठी करायचा का? गाडी सुट्ट्यांत खरोखर घरी येत असेल, तर ती सलग १२ महिने बाहेर नव्हती याचा पुरावा ठेवा. फास्टॅगचे स्टेटमेंट त्यासाठी उत्तम, त्यात तारीख आणि टोलनाका दोन्ही असतात. गाडी कायमची तिकडेच राहणार असेल, तर नोंदणी करून घेणेच बरे. नवा नंबर मिळाला की तो पॉलिसीवर एन्डॉर्समेंटने (बदलाच्या नोंदीने) चढवा. पॉलिसी नव्याने काढावी लागत नाही, कारण चासी आणि इंजिन नंबर तेच असतात. झोन बदलला तर फरकाची रक्कम भरावी लागेल.

राज्य बदलले तरी पुन्हा नोंदणी न लागणारा बीएच सिरीजचा नंबर विद्यार्थ्याला मिळत नाही. तो सरकारी व संरक्षण कर्मचाऱ्यांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना मिळतो.

कुठले ॲड-ऑन घ्यायचे

ॲड-ऑन म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायची पूरक संरक्षणे. ती गाडी जिथे उभी राहते ते बघून ठरवा, घरचे आवार बघून नाही. रस्त्यावरच्या पार्किंगमध्ये बंपर, आरसे आणि दिवे जातात. हे सगळे प्लास्टिक, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबरावर ५० टक्के घसारा कापतात. म्हणून झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापणारे कव्हर. गाडी तळघरात किंवा नदीकाठच्या सखल भागात लावत असाल, तर इंजिन प्रोटेक्ट. पाणी शिरलेली गाडी स्टार्ट केल्याने जाम झालेले इंजिन साध्या पॉलिसीत बसत नाही. ॲड-ऑन असले तरी पाण्यातली गाडी स्टार्ट करू नका, टो करून न्या. गाडी सेमिस्टरभर नुसती उभी असेल, तर किलोमीटरवर आधारित ‘पे ॲज यू ड्राइव्ह’चा भाव जरूर विचारा. २०२२ पासून विमा नियामकाने त्याला परवानगी दिली आहे. फक्त दिवाळीला घरी जाण्या-येण्याचे किलोमीटर हिशेबात धरा.

आणि कॉलेजच्या शहरात त्या कंपनीची कॅशलेस गॅरेजे किती व कुठे आहेत, हे हप्त्याआधी बघा. घरच्या गावातल्या एजंटची ओळख तिकडे कामाला येत नाही.

क्लेम कुठे फसतो

नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची असते आणि ओन डॅमेज बहुधा एकाच वर्षाचे. कागदावर तीन वर्षांची तारीख बघून घरचे निर्धास्त राहतात आणि दुसऱ्या वर्षी गाडीच्या नुकसानीचे संरक्षणच नसते. दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा. मुदत उलटली तर कंपनी गाडीची तपासणी मागते. वडील घरी बसून ऑनलाइन हप्ता भरणार, पण व्हिडिओ काढायला गाडीजवळ मुलगा हवा, तोही परीक्षेच्या दिवसांत. ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनसही जातो.

गाडी चोरीला गेली तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक मुलाच्या खिशात आणि दुसरी घरच्या कपाटात हे ठीक, पण ती कपाटात आहे याची वर्षातून एकदा खात्री करा. मित्राला दिलेली किल्ली परत आली नाही, तर त्याच वेळी पोलिसांत आणि कंपनीला कळवा. चोरीनंतर सांगितलेले पटत नाही. एफआयआर चोरी झाली तिथल्या ठाण्यात मुलगा देऊ शकतो, पण क्लेम फॉर्म आणि आरसी हस्तांतराचे फॉर्म यांवर सही मालकाचीच लागते. तपास न लागल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल मिळवायला त्याच ठाण्यात खेपा घालाव्या लागतात. तोवर कोर्स संपून मुलगा गावी परतलेला असू शकतो.

शनिवारी गावी जाताना मित्रांनी पेट्रोलचे पैसे वाटून घेतले, इथवर ठीक. सीटमागे दर ठरवून अनोळखी माणसे बसवली, तर तो भाड्याचा वापर झाला आणि खासगी कारच्या पॉलिसीत तो वगळलेला आहे.

शेवटी बारीकसारीक नुकसानीचा हिशेब. समजा बंपर ४,००० रुपयांचा आणि मजुरी २,०००. झिरो डेप नसेल तर बंपरचे २,००० आणि मजुरीचे २,०००, त्यातून दर क्लेमला स्वतः सोसायचे सक्तीचे १,००० वजा (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला), हातात ३,०००. आता गाडीचा मूळ ओन डॅमेज हप्ता ९,००० आणि सध्याचा बोनस ३५ टक्के धरा. क्लेम केला नसता तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ४,०५० रुपयांची सूट मिळाली असती. क्लेम केला की ती शून्य, आणि त्यापुढच्या वर्षी पुन्हा २० टक्क्यांपासून सुरुवात. अशा बंपरचे पैसे खिशातून द्या. मात्र समोरच्या माणसाला लागले असेल, तर रक्कम कितीही लहान असो, जागेवर मिटवून निघून जाऊ नका. आधी त्याला दवाखान्यात न्या, मग पोलिसांना आणि कंपनीला कळवा.