‘ग्रंथ नाही, गुरू नाही’ म्हणणारी बैठक कशी तपासावी

‘आमच्यात ग्रंथ नाही, गुरू नाही, ज्याने त्याने आपलं सत्य शोधावं.’ साताऱ्यात किंवा सांगलीत एखाद्या हॉलमधल्या साप्ताहिक आध्यात्मिक बैठकीत हे वाक्य कानावर पडलं, तर त्यावर भाळूही नये आणि लगेच भोंदूगिरीचा शिक्काही मारू नये. सगळ्यांनी मानायचं असं ठराविक मत नसेल तर निर्णय कोण घेतं, हे आधी बघावं. लिहिलेल्या नियमाशी भांडता येतं. न लिहिलेला नियम सांगणाऱ्याच्या सोयीने बदलतो आणि बदलला हे सिद्धही करता येत नाही.

मत नसलं म्हणजे कागदही नसतो, असं नाही. अमेरिकेतल्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट या उदारमतवादी धर्मपंथाकडे सक्तीची श्रद्धा नाही, तरी त्यांची १९८५ ची सात तत्त्वं लेखी होती आणि २०२४ मध्ये ती बदलली तेव्हा महासभेत मतदान झालं. क्वेकर हा ख्रिस्ती पंथ; ते मतदान घेत नाहीत, पण ठराव बैठकीतच लिहून, वाचून, मान्य करून घेतात. घरी जाऊन कोणी ‘असं ठरलं होतं’ म्हणू शकत नाही. आपल्याकडे १८७३ च्या सत्यशोधक समाजाने भटाची मध्यस्थी नाकारली, तरी सभासदाला शपथ होतीच. तेव्हा ‘आमच्याकडे लिहिलेलं काहीच नसतं’ हे मोकळेपणाचं लक्षण मानायची घाई नको.

पहिल्या तीन बैठकांत तोंड बंद, डोळे उघडे. कोण किती मिनिटं बोललं ते घरी येऊन वहीत टिपा. तासाभरात एकच माणूस चाळीस मिनिटं बोलत असेल तर गुरू आहे, फक्त पाटी लावलेली नाही. सतरंजीवर सगळे गोलात बसतात, पण तक्क्या एकाच्याच पाठीशी असतो, पाण्याचा तांब्या त्याच्याच हाताशी आणि तो आल्याशिवाय उदबत्ती पेटत नाही. ‘आम्ही जात मानत नाही’ म्हणणाऱ्यांकडे चहाचे कप कोण विसळतं, तेही बघा. दर वेळी त्याच दोन बायका असतील तर पुढचं सांगायला नको.

चौथ्या बैठकीत प्रश्न विचारा. ‘देव आहे का?’ विचारून उपयोग नाही, त्याचं गुळगुळीत उत्तर तयार असतं. विचारायचं ते असं: हॉलचं भाडं कोण भरतं? गेल्या वर्षी इथला कोणता निर्णय बदलला आणि कोणाच्या म्हणण्यावरून? ‘तुमची अजून तयारी झालेली नाही’ किंवा ‘हा अहंकार बोलतोय’ असं उत्तर आलं तर तेच त्यांचं मत: इथे पायऱ्या आहेत आणि त्या मोजणारा कोणीतरी आहे. मात्र एखादा सेवेकरी तिरसट असतो, त्यावरून सगळ्यांना झोडपू नका. तोच प्रश्न आणखी दोघांना वेगवेगळं गाठून विचारा. शब्दाला शब्द तेच उत्तर मिळालं तर पाठांतर आहे, म्हणजे ग्रंथही आहेच.

पैशाचं बघणं सोपं. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर, पैसे पाठवण्याआधी, स्क्रीनवर नाव संस्थेचं येतं की माणसाचं? नोंदणी असेल तर नोंदणी क्रमांक मागा आणि सातारा किंवा सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज देऊन परिशिष्ट १ चा उतारा घ्या. त्यात विश्वस्त आणि मिळकती दिसतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कळवावं लागतं. उताऱ्यावर जुनीच नावं दिसली म्हणून लगेच लबाडी धरू नका, बदल अर्ज अनेकदा रेंगाळतात; दाखल केल्याची पोच मागा. दहाजण कोणाच्या घरी जमत असतील तर नोंदणीचा आग्रह फिजूल आहे, तिथे जमाखर्चाची वही पुरे.

बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या सोडा म्हणाले तर यातली एकही पायरी करत बसू नका, उठून या. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा साप, विंचू, कुत्रा चावल्यावर औषधोपचार रोखून मंत्रतंत्र करण्याला गुन्हा ठरवतो. पण तो अनुसूचीतल्या ठरावीक कृत्यांपुरताच चालतो. गोड बोलून गोळ्या सोडायला लावणं त्यात सरळ बसेलच असं नाही.

शेवटची चाचणी गैरहजेरीची. न सांगता दोन बैठका चुकवा. एक फोन आला तर काळजी समजा. रोज फोन, घरी चक्कर, सासरच्यांना निरोप असं सुरू झालं, तर ग्रुपमधून बाहेर पडा. त्याआधी तिथल्या लोकांबरोबर भिशी लावली असेल तर तिचा हिशोब मिटवून घ्या आणि हातउसने दिलेले पैसे रोख न घेता खात्यावर मागा.