नावडत्या गणिताचा अभ्यास अंगवळणी कसा पाडावा

‘आधी गणिताची गोडी लावून घ्या’ हा सल्ला दहावीच्या विद्यार्थ्याला देणे थांबवले पाहिजे. गोडीची वाट पाहणाऱ्यांच्या वह्या दिवाळीपर्यंत कोऱ्याच राहतात, हे मी शिकवणीत दरवर्षी पाहतो. आवड निर्माण झाली तर उत्तमच. तोवर रोज चाळीस मिनिटे गणिताला द्यावीत, तीही इतर विषयांच्या आधी. रविवारी एकदम चार तास बसण्याचे बेत महिनाभरही टिकत नाहीत. घरात जागा किंवा शांतता नसेल तर जवळची अभ्यासिका गाठावी. लोकलच्या गर्दीत सूत्रे मनाशी घोळवावीत. उदाहरणे सोडवण्याचा हट्ट तिथे धरू नये.

खरी कसोटी लागते ती उदाहरण अडल्यावर. बहुतेक विद्यार्थी अशा वेळी गाईड उघडतात, उत्तर वाचतात, ‘हे तर सोपे होते’ असे म्हणून ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात आणि पुढे जातात. वाचलेले उत्तर पटणे आणि तेच कोऱ्या कागदावर स्वतः मांडता येणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शाळेत असताना मलाही याच टप्प्याने सर्वांत जास्त दमवले होते, त्यामुळे या बाबतीत मी कोणालाही सवलत देत नाही.

उदाहरण अडले की प्रथम काय दिले आहे आणि काय काढायचे आहे, हे आपल्या शब्दांत लिहावे. दहा मिनिटे झटूनही वाट सापडली नाही तरच उत्तर उघडावे, पण त्यावर कागद ठेवून आपण जिथे अडलो त्याच्या पुढची एकच ओळ पाहावी, पुस्तक मिटावे आणि तिथून पुढे स्वतः जावे. उत्तर जुळले तरी ते उदाहरण सुटले असे मानू नये. समासात खूण करावी, दुसऱ्या दिवशी ते कोऱ्या कागदावर पहिल्यापासून सोडवावे आणि मदतीशिवाय जमले तरच खूण खोडावी. रंगीत पेनांनी सजवलेल्या वहीपेक्षा अशा खुणांची वही मला जास्त विश्वासाची वाटते.

चूक कुठे झाली, हेही एका वाक्यात लिहावे. ‘सिली मिस्टेक’ एवढे लिहून भागत नाही. समजा, ७, १३, १९, २५… या अंकगणिती श्रेढीचे १९ वे पद काढायचे आहे. साधारण फरक, म्हणजे लगतच्या दोन पदांमधला फरक, ६ असल्यामुळे अनेक जण १९ ला ६ ने गुणून त्यात ७ मिळवतात आणि १२१ हे उत्तर लिहितात. बरोबर उत्तर ११५ आहे, कारण पहिल्या पदापासून एकोणिसाव्या पदापर्यंत फरक १८ वेळाच मिळवावा लागतो. दादर, माटुंगा, शीव, कुर्ला ही स्थानके चार असली तरी त्यांच्यामधली अंतरे तीनच असतात. सूत्रात पदांच्या संख्येतून एक का वजा होतो, हे अशा रीतीने ज्याने स्वतःच्या वाक्यात लिहिले, त्याला ते सूत्र पुन्हा पाठ करावे लागत नाही.

बालभारतीच्या पुस्तकातला सरावसंच पुरा झाला म्हणजे प्रकरण आले, असे समजू नये. सरावसंचात कोणती रीत वापरायची हे आधीच ठाऊक असते, परीक्षेत ती आपल्याला ओळखावी लागते. म्हणून आठवड्यातून एक दिवस वेगवेगळ्या प्रकरणांच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहांतून पाच-सहा उदाहरणे क्रम मोडून निवडावीत.

भूमितीच्या रचनांना रोज हात लावण्याची गरज नाही. टोकदार पेन्सिल आणि न हलणारा कंपास असला की पुरते. जानेवारीपासून मात्र बीजगणित आणि भूमिती यांची ४० गुणांची प्रत्येकी एक प्रश्नपत्रिका दर आठवड्याला घड्याळ लावून, दोन तासांत, मधे न उठता सोडवावी.