जर्मनीतलं निवास परमिट रखडलं तर: टर्मिन (भेटीची वेळ) मागितली म्हणजे अर्ज झाला असं नाही

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ हे आपल्याकडचंच आहे असं समजून जर्मनीत उतरलेल्यांचा भ्रम पहिल्या मुदतवाढीला फिटतो. आनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी), श्पेरकोंटो (खर्चाच्या पैशांचं गोठवलेलं खातं), विमा हे सगळं तुमचं झालेलं आहे असं धरून चालते. मी लिहितेय ते त्यापुढच्या टप्प्याबद्दल. परमिटची मुदत संपत आलीय, आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाच्या, वेबसाइटवर एकही तारीख मोकळी दिसत नाही, मेलला उत्तर नाही, फोन वाजत राहतो आणि कट होतो.

आधी धीराचं बोलते. कायदा इथे तुमच्या बाजूनं आहे. जर्मन निवास कायद्याच्या कलम 81, पोटकलम 4 प्रमाणे, हातातलं परमिट संपायच्या आत तुम्ही मुदतवाढीचा किंवा दुसऱ्या प्रकारच्या परमिटचा अर्ज केलात, तर निर्णय लागेपर्यंत जुनं परमिट चालूच आहे असं मानलं जातं. कामाची जी परवानगी होती तीही तशीच राहते. भारतातून डी व्हिसावर, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर, आलेल्यांनाही हे लागू आहे, शेंगेनच्या टुरिस्ट व्हिसाला मात्र नाही. म्हणजे कार्यालयानं कितीही वेळ लावला तरी तुम्ही बेकायदा ठरत नाही.

आता मेख. कायदा ‘अर्ज’ म्हणतो. टर्मिन मागणं हा अर्ज नव्हे. मी टर्मिन मागणारा मेल मुदतीच्या बराच आधी पाठवला होता आणि आपोआप आलेली पोच छापून फाइलला लावली होती. काउंटरवरच्या बाईंनी ती वाचली, परत माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, “बरं, आणि अर्ज कुठाय?” मुदत अजून शिल्लक होती म्हणून तिथल्याच बाकावर बसून फॉर्म भरला, नाहीतर अवघड होतं. मुदतीनंतर अर्ज आला तर जुनं परमिट आपोआप चालू राहत नाही. फारच अन्याय होणार असेल तर अधिकारी सवलत देऊ शकतो, पण मग सगळं त्याच्या मर्जीवर. काही कार्यालयं टर्मिनच्या विनंतीलाच अर्ज मानतात. तुमचं कार्यालय मानतं का, हे ते लेखी देत नसेल तर मानत नाही असंच समजा.

हे पुन्हा सांगते, कारण वाचून मान डोलावणारे लोकही शेवटी टर्मिनची वाट बघत बसतात. टर्मिन मिळो न मिळो, अर्ज वेगळा पाठवायचा. शहराच्या वेबसाइटवर ऑनलाइन अर्जाची सोय असेल तर उत्तमच, शेवटी मिळणारी पीडीएफ पावती जपा. नसेल तर फॉर्म डाउनलोड करून, सही करून, पासपोर्ट आणि परमिटच्या प्रतींसह आइनश्राइबेननं, म्हणजे रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि तेच मेलवरही टाका. वर एक पत्र जोडा, त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता आणि हे वाक्य: ‘हियरमिट बेआंट्रागं इश डी फेरलेंगरुंग माइनर आउफएंटहाल्ट्सएरलाउबनिस’ (माझ्या निवास परमिटच्या मुदतवाढीसाठी मी अर्ज करत आहे). बस, एवढ्यानं अर्ज होतो. कॉलेजचं पत्र नाही आलं, पगाराची स्लिप राहिली, म्हणून थांबू नका. उरलेले कागद नंतर देता येतात, हुकलेली तारीख परत येत नाही.

अर्ज झाला की फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, म्हणजे निर्णय लागेपर्यंतचा तात्पुरता दाखला, मागा. फी 13 युरो. हा हिरवट, घडीचा कागद आहे आणि आत तीन चौकोन आहेत. त्यातला तिसरा, पोटकलम 4 चा, खूण केलेला हवा. पहिल्यावर खूण असेल तर तुमचा इथला मुक्काम कायदेशीर आहे, पण देशाबाहेर गेलात तर त्या कागदावर परत येता येत नाही. गर्दीच्या दिवशी चुकीच्या चौकोनावर फुली पडते, मी पाहिलंय. खिडकी सोडण्याआधी कागद उघडून बघा आणि संकोच न करता बोला. प्रवासात जुनं संपलेलं कार्डही बरोबर हवंच, हा कागद एकटा पुरत नाही. आणि शक्यतो जर्मनीत थेट उतरणारं विमान घ्या, मधल्या देशात कुणाला हा कागद समजावत बसायची हौस नसेल तर.

नोकरी करणाऱ्यांच्या एचआरला घाम फुटतो, कारण वैध परमिटची प्रत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यांना हाच कागद द्या, वाद घालू नका.

टर्मिन विकणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. पैसे देऊन तारीख घेतली तरी अर्जाचं काम तुमचंच राहतं, आणि ती तारीख दुसऱ्याच नावावर निघाली तर ओरडायचं कुणाकडे? सीनियर्सचा सल्लाही जपून घ्या. ‘आमच्या वेळी काही लागलं नाही’ म्हणणाऱ्याचं शहर वेगळं असतं, परमिटचं कलम वेगळं असतं, आणि तो स्वतः आता कायमच्या निवासाच्या कार्डावर निवांत बसलेला असतो. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये मात्र जरूर जा. कार्यालयातल्या कुणाचा तरी थेट नंबर त्यांच्याकडे असू शकतो.

महिनोन्महिने काहीच हललं नाही तर? प्रशासकीय न्यायालय कायद्याच्या कलम 75 खाली उंटेटिगकाइट्सक्लागं, म्हणजे निष्क्रियतेविरुद्धचा दावा करता येतो, साधारणपणे अर्जाला तीन महिने झाल्यावर. हे तीन महिने अर्जापासून मोजतात, टर्मिनच्या मेलपासून नाही. लगेच कोर्टात पळू नका. आधी मुदत घालून एक सभ्य पत्र लिहा, त्यात या कलमाचा उल्लेख करा. पुष्कळदा त्यानंच फाइल हलते. वकिलावर पैसे खर्च करायचेच असतील तर ते या पायरीवर करा, फॉर्म भरायला नको.

पासपोर्टची मुदत आत्ताच बघून ठेवा. पासपोर्टच्या पुढे परमिट मिळत नाही, आणि नूतनीकरणाला भारतीय दूतावासातही वेळ जातो.

मंजुरी मिळाली तरी कार्ड बर्लिनच्या बुंडेसड्रुकेराईत, म्हणजे सरकारी छापखान्यात, छापून यायला काही आठवडे जातात. नोकरीच्या परमिटवर जात असाल तर एक सोय लक्षात ठेवा: कार्डाची ऑर्डर गेल्यापासून नव्या परमिटमधलं काम करायला कायद्यानं मुभा आहे, कलम 81, पोटकलम 5अ. ऑर्डर गेल्याचं दोन ओळींत लेखी मागून घ्या आणि ते पत्र एचआरला पाठवा.