मुंबईसाठी समुद्रात पवनचक्क्या लावायच्या तर आधी काय बघायचं

पावसाळ्यात वरळी सीफेसला छत्री उलटी झाली की ग्रुपमधलं कुणीतरी बोलतंच, इथेच पवनचक्क्या लावा ना यार. लावूया, पण टर्बाइन किती ते नंतर, आधी शहराचं कॅलेंडर काढा. मुंबईत विजेची मागणी चढते एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हीटला, एसी रात्रभर चालू असतात तेव्हा, आणि वारा खरा सुटतो जून ते ऑगस्ट, जेव्हा आपण पंखापण दोनवर ठेवतो. म्हणून वर्षभराचा तासातासाचा वारा आणि तासातासाची मागणी शेजारी शेजारी मांडा, नुसती वार्षिक सरासरी बघून फसाल. ही तूट बॅटरीने भरत नाही, बॅटरी तासांचं काम करते, महिन्यांचं नाही. खोपोली, भिवपुरी, भिरा इथली जलविद्युत आपल्याकडे आहेच, पावसाळ्यात वारा वीज देईल तेव्हा धरण ओसंडत नसेल तर तेवढं पाणी ऑक्टोबरला राखता येईल, माझ्या मते मुंबईचा खरा हिशेब इथे आहे.

मग मोजणी. लायडार, म्हणजे लेसरने वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, लावून निदान एक वर्ष, खंबातच्या आखातात २०१७ मध्ये असंच सुरू केलेलं. घाई नको, कारण वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाने वाढते, सेकंदाला ६ मीटरचा वारा ८ झाला की जवळजवळ २.४ पट.

हिशेब असा: ५०० मेगावॅट, १५ मेगावॅटची ३४ टर्बाइन, वर्षभरात क्षमतेच्या ३५ टक्के धरले तर साधारण १५३ कोटी युनिट. दोन टर्बाइनमध्ये दीडेक किलोमीटर सोडा, नाहीतर मागच्याला पुढच्याचा उष्टा वारा मिळतो.

खोली ३०-४० मीटरपर्यंत असेल तर एकच जाड पाइप ठोकून भागतं. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात, मुंबईपासून १६० किलोमीटरवर, सुमारे ७५ मीटर पाणी आहे, तिथे जाळीदार पाया किंवा तरंगता, आणि इतक्या लांब घरातल्यासारखा उलटसुलट प्रवाह नेणारी एसी केबल परवडत नाही, एकाच दिशेच्या प्रवाहाची डीसी घ्यावी लागते. वादळ पण धरा, २०२० चं निसर्ग अलिबागजवळच आलं.

जहाजांचे मार्ग, नेव्ही, पक्षी, सगळ्यांच्या परवानग्या आहेतच. पण कोळीवाड्यात नकाशा फायनल करून जाऊ नका, बोंबलाच्या डोल जाळ्यांचे समुद्रात रोवलेले खुंट कुठे आहेत ते तांडेलच, म्हणजे होडीचा म्होरक्याच, सांगेल. मीटिंग जून-जुलैत ठेवा, मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्याला असतात, ऑगस्ट लागला की तुमच्या प्रेझेंटेशनला कोण थांबतंय.