मुंबईत बसून नाशिकला भाड्यानं द्यायला फ्लॅट घ्यायचाय? आधी एवढं बघा

मुंबईत टू बीएचके परवडत नाही म्हणून आपली बरीच माणसं नाशिकला जातात, सॅम्पल फ्लॅट बघतात आणि त्याच दिवशी टोकन देऊन येतात. असं करू नका हो, आयुष्यभराची बचत असते ती.

सगळ्यात आधी भाडेकरू कोण मिळणार ते शोधा. सातपूर-अंबड एमआयडीसीतली माणसं, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यातली माणसं, गंगापूर रोडकडे कॉलेजची मुलं, प्रत्येकाचं बजेट वेगळं. अंबडला नोकरी करणारा पाथर्डी फाट्याला घर बघेल, गावाबाहेरच्या टाऊनशिपमध्ये कशाला जाईल? सिंहस्थाच्या नावावर कोणी भाव चढवून सांगत असेल तर तो 12 वर्षांनी येतो आणि तुमचा हप्ता दर महिन्याला जातो, एवढं ध्यानात ठेवा.

मग एक शनिवार तिथे मुक्काम करा. एजंटला विकत घ्यायचंय असं सांगूच नका, भाड्यानं पाहिजे म्हणा, खरा आकडा तेव्हाच कळतो. रात्री आठला बिल्डिंगसमोर उभं राहून किती घरांत लाइट आहे ते मोजा, वॉचमनला विचारा उन्हाळ्यात टँकर लागतो का. त्याच बिल्डिंगमधले आधीचे व्यवहार कितीला झाले ते आयजीआरच्या (सरकारी नोंदणी विभागाच्या) साइटवर सूची 2 मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराच्या उताऱ्यात दिसतं, नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेरावर, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर तपासा.

आता हिशोब, इथेच सगळे चुकतात. समजा फ्लॅट 45 लाखांचा, स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन धरून 48 लाख. भाडं 13 हजार, पण वर्षातला एक महिना रिकामा धराच, म्हणजे 1 लाख 43 हजार. त्यातून मेंटेनन्स 18 हजार, घरपट्टी 5 हजार, रंगकाम-दलाली 15 हजार गेले की हातात 1 लाख 5 हजार, म्हणजे जेमतेम 2.2 टक्के. एजंट मात्र 13 गुणिले 12 करून साडेतीन टक्के सांगतो! लोन काढून घेणार असाल तर हप्ता आणि भाडं यांतला फरक दर महिन्याला पगारातून जाईल, तो झेपतो का ते घरच्यांबरोबर बसून बघा.

तुम्ही स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावेल, तो सर्व्हिस चार्जच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टर करणं मालकाचीच जबाबदारी, ती टाळू नका.

आणि नळ गळला तर मुंबईहून कोण जाणार? चावी ठेवायला तिथे विश्वासाचं माणूस मिळालं, की मगच टोकनचं बोला.