दुबईत कार्ड नाकारलं जातं तेव्हा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आखातात जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या खिशात सहकारी बँकेचं साधं रुपे कार्ड असतं. आधी तेच बघा. देशांतर्गत रुपे बाहेर सगळीकडे चालेलच असं नाही, आंतरराष्ट्रीय रुपे किंवा व्हिसा-मास्टरकार्ड जवळ हवं.

कार्ड योग्य असूनही मशीन नकार देतं तेव्हा मला बहुतेकदा एकच कारण सापडलं. ऑक्टोबर 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड परदेशी वापरासाठी बंदच मिळतं. अ‍ॅपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ चालू करून थांबू नका. एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि टॅप यांची बटणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची मर्यादाही. मर्यादा शून्यावर राहिली की बटण चालू असून उपयोग नाही! हे घरीच उरका, कारण ओटीपी सिमवर येतो. रोमिंगही निघण्यापूर्वीच सुरू करा.

मशीनने ‘रुपये की दिरहॅम?’ विचारलं तर दिरहॅमच. रुपये निवडले की दर दुकानदाराची बँक लावते, आणि तो बहुतेकदा महाग पडतो. आपल्या बँकेचं चलन-शुल्क (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते) 3.5 टक्के असेल तर 18 टक्के जीएसटीसह ते 4.13 होतं.

हॉटेलच्या अनामतीला डेबिट कार्ड देऊ नये, खात्यातले पैसे काही दिवस अडकतात.