गल्लीची मतदार यादी कट्ट्यावर कशी वाचावी

नोव्हेंबर २०२० मध्ये कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढच्या मतदानाला थेट जानेवारी २०२६ उजाडला. मधली पाच वर्षं प्रशासकाची. गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे, हेच लोक विसरले. ज्या शहरानं आंदोलन करून टोल हटवला, त्याला आपली मतदार यादी सांभाळता येत नाही, असं मला वाटत नाही.

सुरुवात यादीपासून करा, तीही निवडणूक नसताना. महापालिकेसाठी वेगळी नोंदणी होत नाही. विधानसभेचीच यादी फोडून प्रभागांच्या याद्या होतात. विधानसभेच्या यादीत नाव नसेल, तर प्रभागाच्या यादीवर हरकत घेऊनही ते नव्यानं चढत नाही.

मतदान कार्डाचा क्रमांक निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर टाकला की यादी भागाचा क्रमांक कळतो. त्या भागाची यादी उतरवून छापून घ्या. मग रविवारी सकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसा. एकानं घर क्रमांकानुसार नावं मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं पेन्सिलीनं खुणा करायच्या. वयस्कर बायकांना आवर्जून बोलवा, कुणाच्या घरात कोण राहतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. आमच्याकडे वाचन सुरू असताना एक आज्जी मध्येच म्हणाल्या, "अरे, हे जाऊन तीन वर्षं झाली की!" नाव त्यांच्याच मालकांचं होतं. त्यांच्या धाकट्या सुनेचं नाव मात्र अजून माहेरच्या पत्त्यावर.

नवीन नावासाठी अर्ज क्रमांक ६, मृताचं नाव कमी करायला ७, पत्ता बदलायला किंवा चूक दुरुस्त करायला ८. सतरा पूर्ण झालेल्या पोरापोरींचा अर्ज आगाऊ भरता येतो. अडलं तर १९५० वर फोन करा किंवा आपल्या भागाच्या बीएलओंना, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना गाठा. अर्जाचा संदर्भ क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि महिन्याभरानं पुन्हा यादी बघा. हे पुन्हा बघणंच बहुतेकांकडून राहतं.

मतदानाला जाताना एक लक्षात असू द्या. आता प्रभागात बहुतेक ठिकाणी चार जागा असतात, त्यामुळे मतंही चार. ओळखीच्या एकाला मत देऊन निघू नका, चारही जागांची बटणं दाबल्यावरच मतदान पूर्ण होतं. आदल्या आठवड्यात उमेदवारांची शपथपत्रं कट्ट्यावर वाचा: मालमत्ता किती, गुन्हे कोणते.

निकालानंतर वही बंद करू नका. तक्रार एका वेळी एकच, आणि ठिकाण नेमकं: "पाणी येत नाही" असं न लिहिता "अमुक बोळात, अमुक घरापासून पुढे, सकाळी सहा ते सात पाणी चढत नाही" असं लिहा. विभागीय कार्यालयात दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी सांगितलेली तक्रार कागदावर कुठेच नसते.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. विचारायचं एवढंच: या आवक क्रमांकावर कोणत्या तारखेला कुणी काय केलं? तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. ती तारीख आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.